क्रकचव्यवहार : साखळी-करवतीची धार आणि शर्यतीचा वेग

१

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) ‘क्रकचव्यवहार’ नावाचे एक छोटेसे प्रकरण आहे. क्रकच म्हणजे करवत. ओंडका चिरून देणाऱ्या कारागिराचे काम किती झाले हे कसे मोजावे, एवढाच त्या प्रकरणाचा विषय. बुडाकडील आणि शेंड्याकडील जाडीची सरासरी घ्यावी, तिला लांबीने गुणावे, जितक्या ठिकाणी करवत चालली असेल त्या संख्येने पुन्हा गुणावे आणि वर्ग अंगुलांचे वर्ग हस्त करण्यासाठी ५७६ ने भागावे, असा नियम आचार्य सांगतात. बुडाशी २० अंगुले व शेंड्याशी १६ अंगुले जाड आणि १०० अंगुले लांब असे लाकूड चार ठिकाणी चिरले, तर काम साडेबारा वर्ग हस्त भरते. लाकूड आडवे कापले असेल, तर जाडी आणि रुंदी यांचा गुणाकार पुरतो. यानंतर आचार्य एक व्यवहारी पुस्ती जोडतात : मोबदला कारागिरांशी ठरेल त्याप्रमाणे असावा, आणि तो पदार्थाच्या मृदुपणावर किंवा कठीणपणावर अवलंबून राहील.

या विवेचनात दोन तत्त्वे आहेत. करवतीचे काम कापलेल्या पृष्ठाच्या क्षेत्रफळाने मोजावे, हे पहिले. आणि लाकडाची जात ध्यानात घेतल्याशिवाय त्या मापाला अर्थ नाही, हे दुसरे. यांत काळ हे तिसरे परिमाण मिळविले की शर्यत तयार होते. तेवढेच क्षेत्रफळ, तेच लाकूड, पण कमीत कमी वेळात. आठ शतकांनंतर अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि युरोप या खंडांतील मैदानांवर साखळी-करवतीच्या ज्या शर्यती भरू लागल्या, त्यांचे सूत्र याहून निराळे नाही. या शर्यतींसाठी करवतीच्या साखळीत कोणते फेरफार करतात, त्यांनी वेग का वाढतो आणि त्या वेगाची किंमत कोठे चुकवावी लागते, हे समजावून सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय भारतीय साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडण्यास एक कारण आहे. दिल्लीच्या नैर्ऋत्येस दिल्ली विकास प्राधिकरणाने वसविलेल्या द्वारका उपनगरात उन्हाळ्याच्या शेवटी आंधी येऊन गेली की दुसऱ्या सकाळी रस्त्यांवर पेट्रोलवर चालणाऱ्या करवतींचा आवाज ऐकू येतो. उन्मळलेली झाडे आणि मोडलेल्या फांद्या तोडून वाट मोकळी करण्याचे ते काम असते. हे यंत्र आपल्या शहरांत स्थिरावले. त्याच्या अवयवांना मात्र भारतीय भाषांत नावे मिळालेली नाहीत. ज्या वस्तूच्या भागांना नाव नाही तिच्याविषयीची सूचना देता येत नाही, आणि ज्या हत्याराविषयी सूचना देता येत नाही ते हाताळणाऱ्याच्या जिवावर उठू शकते. परिभाषेचा प्रश्न येथे केवळ कोशकारांचा राहत नाही.

२

हातकरवतीच्या दात्यांचे दोन प्रकार सुताराला पूर्वापार ठाऊक आहेत. लाकूड तंतूंच्या दिशेने उभे चिरायचे असेल, तर दाता पटाशीसारखा लागतो. तो तंतू उचलून सोलत जातो. लाकूड आडवे कापायचे असेल, तर दाता सुरीसारखा लागतो. तो आधी तंतू तोडतो. जंगलात दोघांनी ओढायच्या मोठ्या आडव्या करवतीत पुढे कामाची वाटणीही झाली. काही दाते दोन्ही कडांनी तंतू कापीत जात आणि त्यांच्यामधले थोडे आखूड दाते सुटलेला भाग खरवडून बाहेर काढीत.

साखळीवर दाते बसविण्याची कल्पना प्रथम शल्यचिकित्सेत आली. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील जॉन एटकिन व जेम्स जेफ्रे या वैद्यांनी हाड कापण्यासाठी दातेरी साखळी वापरात आणली. सुमारे १८३० मध्ये जर्मन कारागीर बर्नहार्ड हाइने याने तिला पाते व फिरविण्याचा दांडा जोडला. लाकडासाठीचे यंत्र विसाव्या शतकातले. जर्मनीत आंद्रेआस श्टील याने १९२६ मध्ये विजेवरचे आणि १९२९ मध्ये पेट्रोलवरचे यंत्र सिद्ध केले. ती यंत्रे जड होती व उचलायला दोन माणसे लागत. मात्र यंत्र बदलले तरी दात बदलला नव्हता. साखळीवर बसविलेले दाते जुन्या आडव्या करवतीचेच होते. ते लाकूड खरवडीत, लवकर बोथट होत आणि त्यांना धार लावण्यात बराच वेळ मोडे.

हा तिढा सुटला तो एका अळीमुळे. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात जोसेफ बफर्ड कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ मध्ये एका बुंध्यात भुंगेऱ्याची अळी लाकूड पोखरताना त्याने पाहिली. ती तंतूंच्या दिशेने जशी सहज जात होती तशीच आडवीही जात होती. तिच्या जबड्याचे दोन वाकडे भाग आळीपाळीने डावीउजवीकडून लाकूड कोरीत होते. या निरीक्षणावरून कॉक्सने आकड्यासारख्या वळलेल्या दात्यांची साखळी तयार केली. एक दाता डाव्या अंगाचा, पुढचा उजव्या अंगाचा. १९४७ मध्ये ही साखळी बाजारात आली आणि आजची बहुतेक प्रत्येक साखळी तिचीच वंशज आहे. मराठी वाचकाला येथे ‘ज्ञानेश्वरी’च्या पहिल्या अध्यायातील भुंगा आठवेल. कोरडे, कठीण काष्ठ भेदणारा तो भुंगा कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो, हा दृष्टान्त तेथे अर्जुनाच्या मोहासाठी आला आहे. शर्यतीच्या साखळीची गोष्ट नेमकी उलटी आहे. ती कोवळ्यात झेपावते आणि कठिणात अडकते. हे का, ते पुढे स्पष्ट होईल.

३

साखळी एका लांब पात्याच्या कडेवरील खाचेतून धावते. कामगार त्या पात्याला ‘बार’ म्हणतात. साखळीत तीन प्रकारच्या कड्या असतात. पहिली चालक कडी. तिचे टोक पात्याच्या खाचेत उतरते आणि इंजिनाचे दंतचक्र तिलाच पुढे ढकलते. दुसरी जोडपट्टी, ती केवळ सांधण्याचे काम करते. तिसरी दात्याची कडी. या सर्व कड्या रिव्हेटांनी जोडलेल्या असतात.

दात्याच्या कडीवर दोन उंचवटे दिसतात. मागचा उंचवटा म्हणजे प्रत्यक्ष दाता. त्याला वर आडवे छत असते व एका अंगास उभी बाजू असते. दोन्ही जेथे मिळतात तो कोपरा. पुढचा उंचवटा दात्याहून किंचित ठेंगणा असतो. तो कापीत नाही. दात्याच्या पुढे तो लाकडावरून सरकत जातो आणि दात्याने किती खोल शिरावे हे ठरवितो. इंग्रजीत त्याला खोलीचे माप अशा अर्थाचे नाव आहे. प्रस्तुत लेखात त्याला ‘खुंट’ म्हटले आहे. छताची धार आणि खुंटाचा माथा यांच्या उंचीत सामान्यतः ०.६५ मिलिमीटर इतका फरक ठेवतात. नखाच्या जाडीएवढ्या या फरकात पुढील सारी चर्चा सामावली आहे.

दाता लाकडाला भिडला की प्रथम कोपरा व उभी बाजू मिळून तंतू आडवे तोडतात. त्यामागोमाग छताची धार तो तुटलेला थर खालून उचलून सोलते. अशा रीतीने सुरी आणि पटाशी या दोहोंची कामे एकाच दात्यात एकवटली आहेत. सुटलेला तुकडा दाता आणि खुंट यांच्यामधल्या पोकळीत, म्हणजे दात्याच्या पोटात, गोळा होतो आणि ओंडक्याबाहेर आल्यावर फेकला जातो. धार चांगली असेल तर बाहेर पडते ती ढलपी. बोथट असेल तर पडतो तो भुसा. पायाशी साचलेल्या ढिगाकडे एक दृष्टी टाकली तरी जाणकाराला साखळीची स्थिती कळते.

आकडे घेतले म्हणजे वेगाची कल्पना येईल. मध्यम लांबीच्या पात्यावर ७२ चालक कड्यांची साखळी बसते. तिच्यात ३६ दाते असतात. त्यांपैकी निम्मे डावे, निम्मे उजवे. साखळीचे माप तीन अष्टमांश इंचाचे असेल तर तिची एकूण लांबी सुमारे १.३७ मीटर होते. सेकंदाला २५ मीटर वेगाने ती धावली, तर एका सेकंदात अठरा फेरे होतात आणि साडेसहाशेहून अधिक दाते एका बिंदूवरून जातात. आता ४० सेंटिमीटर व्यासाचा ओंडका घेऊ. भास्कराचार्यांच्या पद्धतीने एका कापाचे क्षेत्रफळ सुमारे १२५७ वर्ग सेंटिमीटर भरते. साखळीने पाडलेली चीर आठ मिलिमीटर रुंद धरली, तर एका कापात साधारण एक लिटर घन लाकूड सोलून बाहेर काढावे लागते. लाकूड ढिले झाले की त्याचे आकारमान आणखी वाढते. म्हणजे दात्याला लाकूड कापायचे असते तेवढेच ते वाहूनही न्यायचे असते.

या हिशेबातून वेग वाढविण्याचे मार्ग आपोआप दिसू लागतात. साखळी अधिक जोराने पळवावी. प्रत्येक दात्याने जाडसर थर घ्यावा. चीर अरुंद करावी, म्हणजे काढायचे लाकूडच कमी होईल. ढलपी लवकर बाहेर पडावी. आणि घर्षणात वाया जाणारी शक्ती वाचवावी. शर्यतीच्या साखळीतील प्रत्येक फेरफार या पाचांपैकी एखाद्या मार्गाने जातो.

४

शर्यतीच्या साखळीकडे वळण्यापूर्वी नेहमीची धार कशी लावतात ते पाहिले पाहिजे, कारण दुसरी पहिलीचाच अतिरेक आहे. नेहमीच्या धारेला गोल कानस पुरते. साखळीच्या मापाप्रमाणे तिची जाडी चार ते साडेपाच मिलिमीटर असते. कानस आडवी धरून, छताशी साधारण ३० अंशांचा कोन राखून, ती दात्याच्या आतून बाहेर एकाच दिशेने ढकलायची. एका अंगाचे सर्व दाते झाले की यंत्र फिरवून दुसऱ्या अंगाचे करायचे. प्रत्येक दात्यावर सारखेच हात मारायचे, कारण डावे दाते लांब आणि उजवे आखूड झाले तर पाते सरळ न जाता एका अंगाला वळत जाते.

छत मागच्या बाजूस किंचित उतरते असते. दाता कानशीने जसजसा मागे झिजतो तसतशी त्याची उंची कमी होते. खुंट मात्र होता तेवढाच राहतो. त्यामुळे काही वेळा धार लावल्यानंतर दाता तीक्ष्ण असूनही लाकडात शिरेनासा होतो, आणि खुंटही चपट्या कानशीने मापाप्रमाणे उतरवावा लागतो. येथेच मोह उत्पन्न होतो. खुंट मापापेक्षा थोडा अधिक उतरविला तर करवत एकदम ‘भुकेली’ होते, भराभर कापू लागते. वेगाचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि सर्वांत घातकही. त्याचे कारण पुढे येईल.

५

लाकूड तोडण्याच्या शर्यती यंत्राहून जुन्या आहेत. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरील लाट्रोब येथे १८९१ मध्ये कुऱ्हाडीच्या शर्यतींची मोठी सभा भरली होती. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील हेवर्ड येथे १९६० पासून लाकूडतोड्यांच्या जागतिक स्पर्धा भरतात. यंत्र करवतीचा कंपनीपुरस्कृत मोठा सामना १९८५ पासून सुरू झाला. त्यात कुऱ्हाड व हातकरवत यांच्या जोडीला यंत्राचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात सर्वांना एकाच जातीचे, कारखान्यातून आलेले यंत्र मिळते आणि ४० सेंटिमीटरचा ओंडका एकदा वरून खाली व एकदा खालून वर असा कापायचा असतो. साधारण दहा सेकंदांत हे काम होते. म्हणजे भास्कराचार्यांच्या मापाने पाव वर्ग मीटर. येथे यंत्र समान असल्यामुळे कस लागतो तो माणसाचा. दुसऱ्या प्रकारात यंत्र स्पर्धकाचे स्वतःचे असते. त्याला ‘हॉट सॉ’ म्हणतात. त्यात तीन चकत्या कापायच्या असतात आणि निष्णात स्पर्धक सहा-सात सेकंदांत ते उरकतात. आयोजकांच्या वर्णनानुसार ही यंत्रे २७ किलोग्रॅमपर्यंत वजनाची आणि ८० अश्वशक्तीपर्यंतची असतात आणि त्यांची साखळी ताशी २४० किलोमीटरपर्यंत वेग गाठते. आधी हिशेबासाठी घेतलेला वेग ताशी ९० किलोमीटर होता.

अशा यंत्रासाठी साखळी घडविण्याचे काम बव्हंशी हाताने होते. प्रथम तीक्ष्ण, काटकोनी कोपऱ्याचे दाते असलेली साखळी निवडतात. नेहमीच्या वापरासाठी कोपरा थोडा गोलसर केलेली साखळी बरी, कारण ती मातीत तग धरते; शर्यतीत तिचा उपयोग नाही. नंतर गोल कानशीऐवजी सपाट अंगांची विशेष कानस किंवा सहाणयंत्र वापरून छत व बाजू यांच्या आतील पृष्ठे सपाट घासतात, आणि ती दोन पृष्ठे नेमकी कोपऱ्याच्या टोकात मिळतील असे करतात. गोल कानशीने धार आतून पोकळ व वक्र राहते. या रीतीने ती सरळ आणि पातळ होते. कोपरा हाच तंतूंना प्रथम भिडणारा भाग असल्याने त्याच्यावर खर्च केलेला प्रत्येक हात वेगाच्या रूपाने परत मिळतो. परंतु येथे केसभर चूकही क्षम्य नाही. दोन पृष्ठांची सांध कोपऱ्याच्या वर किंवा खाली सरकली, तर साध्या गोल धारेपेक्षाही कामगिरी उणी पडते.

यानंतर छताची खालची बाजू घासून धार आणखी निमुळती करतात. दाता मागून छाटून आखूड करतात. त्याने वजन घटते, लाकडाशी होणारे घर्षण कमी होते, आणि दाता मागे अरुंद होत गेलेला असल्यामुळे चीरही अरुंद पडते. दात्याचे पोट खोल व गुळगुळीत करतात, म्हणजे ढलपी अडकत नाही. जोडपट्ट्या व चालक कड्या यांचे निरुपयोगी धातू घासून काढतात. याला विशेष कारण आहे. पात्याच्या टोकाशी साखळी वळते तेव्हा प्रत्येक कडी बाहेर फेकली जाऊ पाहते आणि हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग अडीचपटींहून अधिक झाला, तर जोर सुमारे सातपट होतो. कडी जितकी हलकी तितका तो कमी. शेवटी खुंट उतरवितात आणि त्यांचे माथे पुढून गोलसर करतात.

खुंट किती उतरवावा याला एकच उत्तर नाही. इंजिनाची ताकद, ओंडक्याचा व्यास आणि लाकडाची जात या तिघांचा मेळ घालावा लागतो. खुंट फार ठेंगणा झाला, तर दाता पेलवणार नाही एवढा थर उचलू पाहतो, साखळीचा वेग पडतो आणि कधी इंजिनच गुदमरते. फार उंच राहिला, तर शक्ती वाया जाते. दात्यांची संख्याही अशीच ठरते. मोठ्या ओंडक्यात एकाच वेळी अनेक दाते लाकडात असतात आणि ढलपीला जागा पुरत नाही. अशा वेळी मधले काही दाते वगळलेली साखळी अधिक वेगवान ठरते. सर्व दाते लांबीला आणि सर्व खुंट उंचीला एकसारखे आहेत की नाहीत हे मापकाने तपासतात. छत्तीसांपैकी एक दाता इतरांहून उंच राहिला, तर तो एकटाच अधिक भार घेतो, साखळी उसळते आणि मागचे दोन-तीन दाते काहीच न कापता निघून जातात.

एवढ्या वर्णनावरून ध्यानात येईल की या कलेत काहीही नवे जोडले जात नाही. जे आहे त्यातून काढून टाकणे, ही तिची एकमेव क्रिया आहे. काढून टाकलेला प्रत्येक कण मात्र निरर्थक नव्हता. छताची जाडी टिकाऊपणासाठी होती. दात्याची लांबी पुढच्या अनेक धारांची ठेव होती. जोडपट्टीचा धातू साखळी तुटू नये म्हणून होता. खुंटाची उंची माणसाच्या रक्षणासाठी होती. शर्यतीची साखळी ही सारी ठेव काही सेकंदांत उधळते. मोजक्या कापांनंतर तिची धार उतरते आणि ती पुन्हा घासता येईल एवढा धातू दात्यात क्वचितच उरतो. आपल्याकडे शर्यतीच्या छकड्याची गोष्ट अशीच आहे. बैल जोमात पळावेत म्हणून तो इतका हलका करतात की धान्याची पोती घालून बाजाराला जाण्यास तो कामाचा राहत नाही. कामातून शर्यत जन्माला येते आणि पुढे शर्यतीचे हत्यार कामाला निरुपयोगी होते.

६

याच करवतीची निराळ्या मूल्यांवर उभी असलेली दुसरी स्पर्धाही आहे, आणि तिच्याशी तुलना उद्बोधक ठरते. वनकामगारांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा प्रथम १९७० मध्ये हंगेरी व युगोस्लाव्हिया यांच्या पुढाकाराने भरली. तिच्यात झाड ठरविलेल्या खुणेवर पाडणे, साखळी काढून दुसरी बसविणे, दोन बाजूंनी कापून चकती काढणे, फांद्या खोडालगत उतरविणे असे प्रकार आहेत. त्यांपैकी एक विशेष लक्षणीय आहे. ओंडका फळीवर ठेवून फळी भुश्याने झाकतात. ओंडका पूर्ण कापला गेला पाहिजे, पण खालच्या फळीला दात्याचा स्पर्श होता कामा नये. वेगाला गुण आहेत, अचूकतेला आहेत, आणि सुरक्षिततेचा नियम मोडला तर गुण वजा होतात. पहिल्या प्रकारच्या सामन्यात साखळीने आवर सोडावा अशी अपेक्षा असते. येथे आवर हेच कौशल्य मानले आहे. एकाच हत्याराभोवती दोन सौंदर्यदृष्टी उभ्या राहतात त्या अशा.

७

आता द्वारकेच्या रस्त्यावर परत यावे. शर्यतीचा ओंडका पांढऱ्या पाइनसारख्या मऊ लाकडाचा, साल काढलेला, गाठी टाळून निवडलेला आणि चौकटीत घट्ट बसविलेला असतो. भास्कराचार्यांनी सांगितलेले मृदुत्व-कठिणत्वाचे परिमाण तेथे आयोजकच स्थिर करून ठेवतात. दिल्लीत तसे नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिशांनी येथे लावलेली विलायती कीकर, जिला मराठीत वेडी बाभूळ म्हणतात, शहराच्या मोकळ्या जागांत सर्वत्र पसरली आहे. तिचे लाकूड पांढऱ्या पाइनच्या सुमारे दुप्पट घन, गाठाळ आणि वेडेवाकडे असते. आंधीच्या धुळीने सालीच्या भेगा रेतीने भरलेल्या असतात. पडलेल्या फांद्या एकमेकींवर ताणून बसलेल्या असतात आणि कोणती केव्हा सुटेल याचा नेम नसतो. अशा लाकडात शर्यतीची निमुळती धार पहिल्या रेतीच्या कणालाच उतरेल. येथे गोलसर कोपऱ्याची, जाड धारेची, मापात खुंट असलेली साखळीच अखेर लवकर काम उरकते, कारण ती वारंवार थांबवावी लागत नाही. दिवसाचा वेग आणि सहा सेकंदांचा वेग ही दोन निरनिराळी मापे आहेत.

धोका याहून मोठा आहे. पात्याच्या टोकाचा वरचा चतुर्थांश लाकडाला लागला की साखळी तेथे अडकते आणि इंजिनाची सारी शक्ती पाते वर व मागे, म्हणजे चालविणाऱ्याच्या मानेकडे व चेहऱ्याकडे, फेकते. याला ‘उसळी’ म्हणता येईल. ती निमिषार्धात घडते. डोळा लवेपर्यंत हात सावरत नाही. दाता जितका खोल शिरेल तितकी उसळी जोराची, आणि त्याला रोखणारा अवयव खुंट. काही साखळ्यांत कारखानदार जोडपट्टीलाही उंचवटा देतात, तोही याच कामासाठी. वेगासाठी खुंट अदमासाने उतरविणारा कामगार आपल्या नकळत हाच आधार काढून घेतो. शर्यतीच्या मैदानावर स्पर्धक दोन पायांवर स्थिर उभा असतो, पायांना संरक्षक आवरण असते आणि काप मोजकेच असतात. झाडाच्या दुबेळक्यात एक पाय रोवून, डोक्याच्या उंचीवर यंत्र धरून फांदी तोडणाऱ्याला यांपैकी काहीच लाभत नाही. त्याच्यासाठी खुंटाचे ०.६५ मिलिमीटर म्हणजे आयुष्याची मर्यादा आहे.

दिल्लीत झाड तोडण्यासाठी १९९४ च्या वृक्ष संरक्षण अधिनियमानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांत १९७५ पासून असाच कायदा आहे. कोणते झाड तोडावे याला अशी शब्दबद्ध मर्यादा आहे. ते तोडणाऱ्या साखळीची धार कशी असावी, ही मर्यादा मात्र कारखानदाराच्या पुस्तिकेतील एका आकृतीत राहते आणि त्या आकृतीवरील नावे बहुधा इंग्रजी असतात.

८

येथे परिभाषेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. मराठीत शास्त्रीय परिभाषा घडविण्याचे मोठे काम १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेल्या विश्वकोशाने केले. त्यांची वाट प्रामुख्याने संस्कृत धातूंवरून जाते. शास्त्रग्रंथांना ती उपकारक ठरली. हत्याराच्या बाबतीत मात्र दुसरी वाटही उपलब्ध आहे, ती म्हणजे कारागिराच्या बोलीची. क्रकच हा शब्द गणिताच्या पोथीत राहिला. करपत्र या दुसऱ्या संस्कृत शब्दाचा करवत झाला आणि तो सुताराच्या हातात, विदर्भाच्या करवतकाठी साडीच्या किनारीवर आणि काशीस करवत घेण्याच्या कथेत जिवंत राहिला. दाता, धार, कानस, ढलपी, भुसा, चीर हे शब्द कोणी बनविलेले नाहीत, ते आहेतच. साखळी-करवतीचे वर्णन करताना त्यांतील बहुतेकांनी निभावून नेले, हे वरील विवेचनावरून दिसेल. अडले ते दोनच ठिकाणी, खुंट आणि उसळी येथे. याचे कारणही उघड आहे. हातकरवतीत शक्ती माणसाच्या दंडातली असल्याने मर्यादा दंडातच होती. धातूत वेगळी मर्यादा घालण्याची आणि तिला नाव देण्याची गरजच पडली नव्हती.

शेजारच्या भाषांशी देवघेव करताना सावधपणाही हवा. हिंदीत कानशीला रेती म्हणतात. मराठी माणसाला रेती म्हणजे केवळ वाळू. द्वारकेत काम करणाऱ्या मराठी माणसाला ‘रेती मारो’ ही सूचना मिळाली, तर क्षणभर अर्थाचा अनर्थ होईल. एकाच लिपीत लिहिल्या जाणाऱ्या दोन भाषांत हत्यारांची नावे इतकी दूर असू शकतात, कारण ती ग्रंथांतून न येता कामाच्या जागेवरून येतात. तुलनात्मक अभ्यासाने कथा-काव्यांइतकेच लक्ष या थराकडे दिले, तर भारतीय भाषांच्या परस्परसंबंधांविषयी बरेच काही हाती लागेल.

शर्यतीसाठी साखळी घडविणाऱ्याला आपण काय काढून टाकीत आहोत हे नेमके ठाऊक असते. प्रत्येक अवयवाचे नाव, माप आणि कार्य त्याच्या भाषेत त्याला उपलब्ध असते. म्हणून तो जाणूनबुजून जोखीम घेतो. तीच कृती नाव माहीत नसलेला कामगार करतो तेव्हा ती जोखीम राहत नाही, तो अपघात होतो. लाकूड किती कापले एवढेच न मोजता ते मऊ की कठीण हेही विचारावे आणि कारागिराशी बोलून ठरवावे, ही बाराव्या शतकातील व्यवहाराची शिकवण आहे. कारागिराशी बोलायचे, तर बोलण्यासाठी शब्द लागतात. ‘खुंट मापात ठेव’ हे तीन शब्दांचे वाक्य त्या दृष्टीने एखाद्या नियमावलीइतकेच मोलाचे आहे.